खिडकीकडची सीट

भंगारात काढलेल्या विमानातली तीन सीटांची एक रांग कालिंदीने मोठ्या खटपटीने सिनेमाच्या सेटसाठी मिळवली आणि शिवडीच्या गोदामात आणून ठेवली.

खिडकीकडच्या सीटचा पट्टा रोज सकाळी लावलेला सापडायचा. ती सोडवून जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पट्टा सीटवर पडलेला नसायचा. कुणाच्या तरी पोटावर आवळावा तसा अधांतरी ताणलेला असायचा. गादीही दबलेली.

उद्यावर शूटिंग आलं. अशी दुसरी रांग आणायची कुठून? सेट उभारणारे काळाचौकीचे दगडूकाका म्हणाले, "नारळ देऊन टाकूया."

भर दुपारी त्यांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हयसर जो कोण बसलो आसात, तेका मोकळो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कामगार म्हणाले.

नारळ फुटला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काका, त्याने जायचं कुठे ते सांगायचं राहिलं."

पट्ट्याचं बक्कल खटकन उघडलं. दबलेली गादी हळूहळू वर आली.

मग मधली गादी दबली आणि सुटली.

मग कडेच्या सीटची दबली, जिच्या पाठीवर हात टेकून कालिंदी उभी होती.