अंग सैल सोडा

"पायाचे अंगठे सैल सोडा. गुडघे सैल सोडा. मनात काही आणू नका," कस्तुराबाई म्हणाल्या.

आणू नका म्हटलं की हमखास येतं! सोनपेठच्या शाळेतल्या हॉलमध्ये सतरंजीवर उताण्या पडलेल्या सत्यशीलेच्या मनात सुमेध आला. चार वर्षांचं पोर. गेल्या पावसाळ्यात हगवण-उलटीनं एका दिवसात गेलं.

"आई, मला भाऊ कवा आणणार?" तो विचारायचा.

"आणू की बाबा, घाई काय हाय?" ती म्हणायची. तेवढ्यात तिचे मालक, नागनाथ गुरुजी, काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचे.

आता घाई होती. वर्ष उलटलं तरी कूस भरेना. घर बुद्धाची दीक्षा घेतलेलं. गंडेदोरे, नवससायास चालत नव्हते. परभणीची डॉक्टरीण म्हणाली होती, "तुझ्यात काही खोट नाही बाई. काळजी सोड, मन शांत ठेव." म्हणजे खोट मनात. आणि मन तरी कुणाचं? तिचंच की! म्हणून महिनाभर ती कन्याशाळेच्या या मास्तरीणबाईंकडे रोज योगासनं करायला येत होती.

"श्वास मोजा," कस्तुराबाई म्हणाल्या.

सहापर्यंत बरं चाललं. सातव्याला मन सुटलं ते कुठल्या कुठं. ज्वारी दळायची राहिलीय. दोन वर्षांमागं गुरुजी सायकलवरून पडले होते, जांघेत लागलं म्हणून आठ दिवस अंथरुणाला खिळले. तिनं शिरा करून भरवला, तर भिंतीकडं तोंड करून रडले. एवढ्याशा लागण्याला गडीमाणूस रडतो का, म्हणून ती हसली होती. सुमेधपण हसला होता. झालं! फिरून सुमेधच.

पाणी डोळ्यांतून कानांत उतरलं.

"अगं, रडायलीस का?" कस्तुराबाई जवळ बसल्या.

"मन थांबना झालंय, बाई. लय जोर लावला."

"जोर लावून कुठं थांबतंय ते, येडे!"

सगळ्या बाया गेल्या, कस्तुराबाईपण. बाहेर लिंबाखाली गुरुजी सायकल धरून उभे होते. रोज आणायचे, न्यायचे. पण या हॉलमध्ये कधी प्यायला पाणी घ्यायलासुद्धा आले नव्हते. बायकांत कशाला, म्हणायचे. आज तिनंच हाक मारली. ते उंबऱ्यापाशी थबकले.

"मला मोकळं करा," ती म्हणाली. महिनाभर जे मनात घोळत होतं ते एकदाचं तोंडातून निघालं. "मी वालूरला भावाकडं जाते. तुमी दुसरी करा. घरात लेकरू पायजे. माझं मनच करंटं हाय, त्याच्यापायी तुमी का झुरायचं?"

गुरुजी उंबऱ्यावरच बसले. आतल्या सतरंज्यांकडं बघत राहिले. तिला वाटलं, राजी झाले. काळीज फाटलं तिचं, पण ती आपली सतरंजी गुंडाळू लागली.

"सत्यशीला," ते खाली बघत म्हणाले, "दोन वर्षांमागं, शहात्तरच्या आणीबाणीत, याच हॉलात नसबंदीचं शिबिर होतं. तीन माणसं आण, न्हाई तर नोकरी सोड, म्हणून मला हुकूम होता. दोन मिळाले. तिसरा नवं लग्न झालेला पोरगा, पाय धरून रडायलता. त्याला मागच्या दारानं पळ म्हणलो, आन् त्याच्या जागी मी जाऊन निजलो."