फलकावरची चिंच

नव्या कायद्यानुसार धर्मवचनांचा पांढराशुभ्र फलक वर्गाच्या समोरच्याच भिंतीवर लागला. त्याच भिंतीवर विज्ञानाच्या निकमबाई, बंद खिडकीच्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाने, अंगणातली चिंच मुलांना उलटी दाखवत असत. आता ती वचनांवर डोलू लागली; पाण्याखाली असावीत तशी पाने संथ हलत.

तिसऱ्या दिवशी चपला बाहेर काढून सारा गाव वर्गात शिरला आणि हात जोडून उभा राहिला.

“चमत्कार कसला! प्रकाश सरळ रेषेत येतो म्हणून झाड उलटं दिसतं,” बाई म्हणाल्या. आज पटले नाही, तर उद्या वर्गाचे देऊळ होणार, हे त्यांना दिसत होते. त्यांनी छिद्रावर बोट ठेवले. झाड विझले. बोट काढले, झाड परतले.

सरपंचांच्या आई गहिवरल्या. “अगं बया, समदं तुझ्याच बोटात हाय व्हय!” म्हणत त्यांनी बाईंच्या पायांवर डोके टेकवले.