पाणी वाचवायची शिकवणी

मुयनाक या आटलेल्या समुद्राकाठच्या गावात घरोघरी जाऊन पाणी कसं वाचवायचं ते शिकवायचं काम आयजामालला मिळालं होतं. बीबीझादा आजींच्या दारात ती सकाळी पोचली आणि दुपार झाली तरी तिथेच होती.

"भाजी नळाखाली नाही, परातीत धुवायची. ते पाणी मग झाडाला."

"अगं बाई! झाडाला चालतं?" आजींनी डोळे मोठे केले. "परत एकदा दाखव बघू."

तिने परत दाखवलं. मग भांडी कशी विसळायची तेही. दर वेळी आजी "थांब, विसरले" म्हणायच्या आणि तिच्यापुढे आणखी एक वाटीभर दुधाचा चहा ठेवायच्या.

हात धुवायला आयजामाल मागच्या अंगणात गेली. मोरीचं पाणी पाटाने थेट जर्दाळूच्या झाडापाशी जात होतं. भांडी विसळलेलं पाणी एका बादलीत, कपड्यांचं दुसरीत, दोन्हींवर झाकण.

"आजी, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त येतंय!"

आजी ओशाळल्या. "समुद्र आटला तेव्हापासून करतेय गं. मुलं कझाकस्तानात गेली, शेजारीपाजारी नुकूस शहरात. मला येतं म्हटलं असतं, तर तू लगेच पुढच्या घरी गेली असतीस."

आयजामालने पिशवीतून फॉर्म आणि पेन काढलं.


मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आजींना अजून काहीच जमत नाही. दर आठवड्याला यावं लागेल.'