ठमीचे तीन बार

बार उडाला तेव्हा ठमी आधीच जमिनीला चिकटून पडली होती. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळे गच्च मिटलेले.

"नापास. दुसऱ्यांदा," परीक्षक साहेबांनी पिस्तूल खाली केलं. आत नुसत्या आवाजाची काडतुसं होती, पण पिल्लाला ते कोण सांगणार?

मैदानाच्या कडेला रांगेत उभ्या असलेल्या श्वानपथकातल्या माणसांनी माना खाली घातल्या. सात महिन्यांची ठमी वास काढण्यात अख्ख्या पथकात पहिली. पण बंदुकीच्या आवाजाला बिचकणारं कुत्रं पथकात राहत नाही, नियम म्हणजे नियम. तीन संधी. त्यानंतर दूरच्या गोदामावर राखणीला, जन्मभर साखळीला.

तिचा दोर ज्याच्या हातात होता त्याला सगळे ढाण्या म्हणत. सहा फूट उंची, दार अडवणारे खांदे, पीळदार मिशी. हा ढाण्या आता गुडघ्यावर बसून ठमीची मान खाजवत होता.

"साहेब, देवाशप्पथ सांगतो, घरी हिच्या जेवणाच्या वेळी मी रोज ताटं आपटतो. आधी परसात, मग दारात, मग अगदी हिच्या शेजारी. परवा तर परात पडली हिच्या कानाशी. ढिम्म हलली नाही हो! मान वर न करता खात होती."

"घरची परात वेगळी आणि मैदानावरचं पिस्तूल वेगळं, ढाण्या."

"फरक परातीत नाहीये, साहेब!" कुंपणाकडून आवाज आला.

जाळीच्या कुंपणापलीकडे ढाण्याची बायको उभी होती. लहान बाळांना लस टोचणारी नर्स, जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या कोटातच धावत आलेली.

"घरी ताटं हे आपटतात, पण दोर माझ्या हातात असतो," ती म्हणाली. "आत्ता बार नंतर झाला आणि ठमी आधी पडली. पाहिलंत का कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"तुम्ही हात वर केलात की यांची मूठ आवळते. दोर ताठ होतो. त्या बिचारीला वाटतं, आता आभाळच कोसळणार. माझ्याकडे रोज साठ बाळं येतात. सुई दिसली की आई करकचून धरते आणि बाळ सुई लागायच्या आधीच भोकाड पसरतं."

"मी घाबरतो?" ढाण्याची मिशी थरथरली. "वीस वर्षं झाली मला बंदुकांत!"

"बंदुकीला नाही हो. ही जाईल म्हणून घाबरता."

ढाण्याने ठमीला जवळ ओढलं. तिला गोदामावर नेणारी गाडी त्याला उठता-बसता दिसत होती, अगदी जेवतानासुद्धा.

"मग त्या आयांचं काय करता?" साहेबांनी विचारलं.

"त्यांच्या डोक्याला दुसरं काम लावते." ती जाळीला नाक चिकटवून म्हणाली, "अहो, एकोणतीसचा पाढा म्हणा. मोठ्याने."

"अगं, मला एकोणीसचा धड येत नाही!"

"म्हणूनच."

रांगेत खसखस पिकली. साहेबांनी मात्र हसणं गिळलं, ठमीला पाणी पाजायला सांगितलं आणि शंभर पावलं मोजून ते वळले. तिसरी संधी: शंभर, पन्नास आणि वीस पावलांवरून तीन बार. आता इकडे तरी नाहीतर तिकडे तरी.

"एकोणतीस एके एकोणतीस," ढाण्याने सुरुवात केली. "दुणे अठ्ठावन्न. त्रिक... त्रिक..." त्याने डोळे मिटले, ओठ पुटपुटायला लागले.

धाड!

"सत्त्याऐंशी!" ढाण्या ओरडला. दोर सैल होऊन मातीत लोळत होता. ठमीने मान वळवली, पण पिस्तुलाकडे नाही, ढाण्याकडे. या माणसाला झालंय तरी काय, असा तिचा चेहरा.

पन्नास पावलं.

"चोक एकशे सोळा. पंचे... सांगू नका रे कुणी!"

धाड!

"एकशे पंचेचाळीस!" ठमीचा एक कान उभा राहिला आणि पुन्हा पडला.

वीस पावलं. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या नर्सबाईंनी आता जाळी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली.

"सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते..." ढाण्याचं गाडं अडलं. कपाळावरून घाम निथळला. "साते..."

धाड!

आवाज भिंतीवर आपटून परत आला. रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. ठमीने भलीमोठी जांभई दिली, पुढचे पाय ताणले आणि ढाण्याच्या बुटावर हनुवटी टेकली.

ढाण्याला पत्ताच नव्हता. "साते... साते..."

साहेबांनी पिस्तूल कमरेला लावलं, वही काढली आणि शेरा लिहून ती जाळीशी नेऊन धरली: 'पिल्लू पास. शिकवणाऱ्याचे पाढे कच्चे.' बायकोने वाचलं. ती हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. मग साहेबांनी घसा खाकरला.

"दोनशे तीन, ढाण्या."

"दोनशे तीन!" ढाण्या डोळे मिटूनच गरजला. "एकोणतीस आठे—"

"दोनशे बत्तीस!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"नव्वे दोनशे एकसष्ट!" आता अख्खी रांग. टोप्या हवेत उडाल्या, कुणी शिट्टी मारली, जाळीपलीकडून नर्सबाई टाळ्या पिटत होत्या.

"एकोणतीस दाहे दोनशे नव्वद!"

एवढा मोठा आवाज त्या मैदानावर आजवर कुठल्या बंदुकीनेही केला नसेल. ठमी बुटावर डोकं ठेवून गाढ झोपली होती.