दरखास्त मंजूर

“घरात तोंडं किती?” मॅनेजर साहेबांनी विचारलं.

“चार, सरकार,” काटेवाला सुंदरराव म्हणाला. “मी, बायको, लेक अन् म्हातारी आई.”

साहेबांनी दरखास्तीवर चारचा आकडा टाकला. शेजारी विरुपाक्ष हात बांधून उभा होता. कापसाच्या या जीनमध्ये तो आठ वर्षं कारकून होता, आणि आठही वर्षं तनखा तोच, निजाम सरकारचे अठरा हाली रुपये. विलायतेत लढाई जुंपली आणि इकडे माजलगावच्या बाजारात रुपयाला बारा शेर मिळणारी जवारी पाच शेरांवर आली. मीठ महागलं, घासलेट महागलं, धडुतं महागलं. कंपनीच्या गाठीसुद्धा दुप्पट भावानं जात होत्या. एक तनखा तेवढा जागचा हलला नाही.

“तनखा वाढायचा नाही,” साहेब हळू, गोड आवाजात म्हणाले. “पण आहे तो पुरेल, एवढं कंपनी बघेल.” त्यांनी सही केली आणि मान वर केली. “विरुपाक्ष, तुमची दरखास्त?”

“लिहून आणतो, सरकार.”

चारच दिवसांत सुंदररावाचा नूर पालटला. दुपारच्या भाकरीवर तूप दिसलं. “पुरतंय गड्या,” तो म्हणाला. “कसं ते इचारू नको, पन पुरतंय.”

त्या सोमवारी विरुपाक्ष सिंदफणेच्या काठी महादेवाला गेला. पायऱ्यांवर साखराबाई बसली होती, सुंदररावाची आई. पुढ्यात शिळी अर्धी भाकर.

“मावशे, हितं कावून बसलीस?”

म्हातारीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “तू तरी वळखतूस म्हनायचं. घरी गेलते रे. सुंद्या म्हनला, आज्जे, फुडच्या घरी माग. सुनेनं ही भाकर दिली. नात मला बघून रडाया लागली.”

विरुपाक्षाला वाटलं, सासू-सुनेचं भांडण असेल. त्यानं तिला हाताला धरून थेट काट्यावर नेलं. सुंदररावानं वजन टाकता टाकता वर पाहिलं.

“कोन रे ही?”

“तुझी आई, बे! डोकं फिरलं का तुझं?”

“माझी आई?” सुंदरराव हसला. त्या हसण्यात कपट नव्हतं, आणि तेच वाईट होतं. “मी पाळन्यात असताना गेली ती. बिचारी उपाशी दिसती.” त्यानं कनवटीचा एक आणा काढून म्हातारीच्या हातावर ठेवला. साखराबाईनं तो आणा घेतला, मुठीत गच्च धरला आणि आली तशी नदीकडे चालू लागली.

दफ्तरात हेडकारकून आप्पाराव खाली मान घालून लिहीत होते. विरुपाक्षानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टाक थांबवला नाही.

“दरखास्त देणाऱ्याला काय होत न्हाई,” ते इतकंच म्हणाले. “त्यो सुखी ऱ्हातो. तुमी लिवलेली न्हाई ना? मग लिवू नका. अन् मला इचारू नका.”

विरुपाक्षानं लिहिली नाही. घरी सहा तोंडं होती. डोळ्यांनी अधू झालेली आई जगदेवी, बायको शिवगंगा, तीन लेकरं आणि तो. सहापैकी कोणाचं तोंड तो कमी करणार होता? आई आधीच एक वेळ जेवत होती आणि भूक नाही म्हणत होती. थोरली शिवकन्या आपल्यातला तुकडा धाकट्यांना देत होती.

“सुंदररावाच्या घरी तूप आलं,” शिवगंगा म्हणाली. “तुमी दरखास्त कावून देत न्हाई?”

“देनार न्हाई.”

“कावून पन?”

जे डोळ्यांनी पाहिलं ते बायकोला सांगायला त्याची जीभ वळेना.

“मानूस हाव का दगड?” तिचे डोळे भरून आले. “लेकरं उपाशी निजत्यात. तुमाला लाज वाटत आसंल साहेबाफुडं हात पसरायची. मला न्हाई वाटत.”

त्याला वाटलं, रागाच्या भरात बोलली. रोज सकाळी घर सोडताना तो मात्र सगळ्यांना एकदा डोळे भरून बघून घेई.

महिना भरला. तनख्याच्या दिवशी आप्पारावांनी अठरा रुपये मोजून त्याच्या हातात दिले आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“सकाळी तुमच्या घरून दरखास्त आलती,” ते म्हणाले. “मंडळींनी अंगठा केलाय. साहेबांनी तवाच मंजूर केली.”

विरुपाक्ष पळत सुटला. पागोटं बाजारात पडलं, ते उचलायला तो थांबला नाही. कोण? आई? शिवकन्या? धाकटा, ज्याला अजून नीट चालता येत नव्हतं? सिंदफणेच्या पायऱ्यांवर तो आधी पाहून आला. तिथं साखराबाई एकटीच होती.

दिवस कलला होता. दार उघडं होतं. चुलीवर जवारीची भाकर टम्म फुगली होती आणि सगळे पंगतीला बसावेत तसे बसले होते. उंबऱ्यात धापा टाकत त्यानं मोजलं. आई. शिवकन्या. मधला. धाकटा, आजीच्या मांडीवर. चुलीपुढे शिवगंगा. पुन्हा मोजलं. सगळे होते. एकही कमी नव्हतं.

त्याला हसू फुटलं, रडूही आलं. तनख्याची पुरचुंडी हातात धरून तो आत शिरला.

“शिवकन्ये!”

पोर दचकून आजीच्या पाठीमागे दडली. शिवगंगा लगबगीनं उठली आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

“कोन आलंय गं, शिवगंगे?” जगदेवीनं विचारलं.

शिवगंगेनं त्याच्या हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं.

“कोनी न्हाई, आत्याबाई. कंपनीचा मानूस हाय. तनखा पोचवाया आलाय.”