कुत्र्याच्या वाटणीचे बलक

बारान्किया शहरातल्या व्यायामशाळेत उस्ताद एलिएसेर पोरींकडून उकडलेली अंडी आपल्यासमोर सोलून घेई. पांढरं त्यांनी गिळायचं, पिवळा बलक त्याच्या डब्यात, घरच्या कुत्र्यासाठी. शरीरसौष्ठवाची स्पर्धा चार दिवसांवर आली, त्या पोरींतल्या झुल्माची मांडी मात्र सुकली. "उद्यापासून वीस अंडी," उस्ताद खेकसला. "बलक जिभेला लागला तर याद राख!" झुल्मा उसळली, "भात बंद, मक्याचा अरेपा बंद, चरबीही बंद. मग अंग चालायचं कशावर, तुमच्या शिव्यांवर? आठच अंडी द्या, पण बलकासकट." "चरबी खाणाऱ्याला चरबीच चढते, बाई." "वा, उस्ताद! माझं अंग स्वतःचंच मांस खातंय आणि तुमचा कुत्रा चकाकतोय!" तिने डब्यातला बलक उचलून त्याच्यादेखत तोंडात टाकला. उस्तादाने स्पर्धेची यादी काढली. "नाव खोडतो तुझं." "खोडा." मागून गेल्या वर्षीची विजेती डेल्सी उठली. "माझंही खोडा, उस्ताद. झुल्मा, डबा इकडे सरकव."