ठमी-२०७

ज्या तापाने बाईंची लेक आठवड्याभरात नेली, त्याचा विषाणू त्यांनी तिच्याच घशातून घेतला होता. प्रयोगशाळेचा रिवाज असा, की नमुना आणणाऱ्यानेच त्याला नाव द्यायचं. बाईंनी बाटलीवर लेकीचं लाडाचं नाव लिहिलं: ठमी.

मग चार वर्षं दर सोमवारी तेच काम. विषाणू कोंबडीच्या पेशींवर वाढवायचा, थेंबभर पुढच्या बाटलीत घालायचा, चिठ्ठीवरचा आकडा एकाने वाढवायचा. आधी त्याला तिथे धड तगताही येईना. पुढे असा रुळला, की जणू जन्मच तिथला.

ठमी-२०७ माणसाच्या पेशींवर घालून आज आठ दिवस झाले होते. शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली ती हसतच.

"बाई, जिंकलात! एकही पेशी मेली नाही. कोंबडीत संसार थाटता थाटता गडी माणसाला पार विसरला. आता याची लस करता येईल. किती पोरं वाचतील!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी भिंगाला डोळा लावला. पेशी जिथल्या तिथे, सुखरूप होत्या. बाई बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"रडताय काय बाई? आनंदाचा दिवस आहे!"

"आहेच हो," बाई म्हणाल्या. "पण तिचे बाबा गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून ठमीला ओळखणारे हा विषाणू आणि मी, दोघंच उरलो होतो. आता मी एकटीच."